जाळीमागची खुंटी

प्रिय पिपाणी,

या नावाने हाक मारलेली आता तुला रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. चारचौघांत गाणाऱ्या भाचीला पिपाणी म्हणणारा मामा एकटा मीच असेन. पण तुझ्या पाळण्यातल्या रडण्यावरून हे नाव तुझ्या आईने ठेवले, आणि या पत्रात ताईविषयीच पुष्कळ लिहायचे आहे, म्हणून आज तेच राहू दे. मी कागद पुढे ओढला तेव्हाच तुझ्या मामीने बजावले, "शास्त्र सांगून झालं की दोन ओळी मायेच्याही लिहा. नाहीतर पोरगी वर्गात बसल्यासारखी जांभया देत वाचेल." प्रयत्न करतो. सुरुवात मात्र शास्त्रानेच होईल. तेथे माझा नाइलाज आहे. शनिवारचा कार्यक्रम शेवटचा, त्यानंतर तू आता गातेस त्या तळघरातच नव्हे तर कुठेच गाणार नाहीस, असे तू तिथल्या मालकीणबाईंना कळवलेस. त्याआधी एवढे वाचून घे.

आज सवड मिळाली की न्हाणीघरात जा, दार लाव आणि तोंड मिटून खालच्या सुरापासून हळूहळू वर गुणगुणत जा. एका ठरावीक जागी अख्खी खोली तुझ्यासोबत गुणगुणू लागेल. तुझ्या छातीपेक्षा भिंतीच जास्त बोलत आहेत असे वाटेल. त्याहून किंचित वर किंवा खाली गेलीस की पुन्हा सारे मुकाट. प्रत्येक बंदिस्त जागेला असे स्वतःचे सूर असतात, आणि त्यांतला एखादा फार हट्टी असतो. ध्वनीची लहर भिंतीवर आपटून परतते. परतताना तिची पावले मागून येणाऱ्या लहरीशी जुळली, तर दोघी एकमेकींना उचलून धरतात. झोपाळा नेमका परतताना दिलेला हलका धक्का त्याला उंच नेतो, तसेच हे. इतकी वर्षे हा धडा शिकवतो आहे, तरी तो समजावताना मला अजूनही आनंदाची उकळी फुटते.

आता तळघराकडे येऊ. रस्त्याखालची ती लांबट, ठेंगणी जागा, एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला वीतभर उंचीचा मंच, मध्ये गोल मेजे. अशा ठिकाणी मायक्रोफोन ठेवला की एक गंमत होते. स्पीकरमधून निघालेला आवाज खोलीत फिरून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो, आणि हा फेरा खोलीच्या हट्टी सुरावर सर्वांत आधी हाताबाहेर जातो. मग ती कान फाडणारी शिट्टी फुटते. ती हुडकून बंद करणे हे ध्वनिसंयोजकाचे काम. तुझ्या आईच्या काळात तळघरात जे गृहस्थ हे काम पाहत, त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत. त्यांच्या इक्वलायझरवर फणीच्या दातांसारख्या सरकत्या खुंट्या होत्या. एकेक खुंटी म्हणजे सुरांचा एकेक चिंचोळा पट्टा. खाली ओढली की तेवढाच पट्टा दबतो, बाकीचा आवाज तसाच राहतो. दुपारी, लोक येण्यापूर्वी, मास्तर आवाज मुद्दाम वाढवत न्यायचे, कोणत्या सुरावर शिट्टी फुटते ते कानाने टिपायचे आणि ती खुंटी खाली ओढायचे. या धंद्यात सर्वत्र असेच करतात आणि ते योग्यच आहे. मग कोणी उगाच हात लावू नये म्हणून ते वर लोखंडी जाळी बसवून स्क्रू पिळून टाकायचे.

ताई मंचावर उभी राहिलेली तू कधी पाहिली नाहीस, म्हणून सांगतो. तिच्या आवाजात एक जागा अशी होती की तेथे पोहोचली की ती थांबायची, आणि बारवरचा माणूससुद्धा पेले पुसायचे थांबवायचा. त्या सुरावर तिचा आवाज किंचित थरथरायचा, दिव्याची ज्योत श्वासाने हलावी तसा. तेव्हाच्या मालकांनी मंच एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवला आणि दुर्दैवाने खोलीचा हट्टी सूर आणि ताईची ती जागा नेमकी एकावर एक आली. शिट्टी फुटू लागली. मास्तरांनी ती खुंटी तळापर्यंत ओढली. तळघरात सगळा आवाज त्या एकाच यंत्रातून जातो: लोकांकडे तोंड केलेले स्पीकर त्यावरच चालतात, आणि गायकाच्या पायाशी त्याच्याकडे वळवून ठेवलेलाही. म्हणजे त्या दिवसापासून ताईला स्वतःचाच तो सूर ऐकू येईना. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो काय करतो? जोर लावतो. ताई जोर लावत राहिली.

ताई आज नाही, पण घरातली ताई तुला आठवते. भांडी घासताना ती गुणगुणायची, हेही आठवत असेल. पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली होती का? चाल त्या जागेपाशी आली की ती नळ सोडायची. पाणी धो धो पडायचे, आणि नळ बंद व्हायचा तेव्हा चाल पुढे गेलेली असायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे अनेकदा पाहिले. पाणी वाया घालवतेस म्हणून तिला चिडवलेही. ती म्हणायची, "तू तुझी पुस्तकं सांभाळ, माझा नळ मी सांभाळते."

मागच्या महिन्यात तू आग्रहाने बोलावलेस म्हणून मी आणि मामी तळघरात आलो. तू सुंदर गायलीस. मामीने शेजारच्या मेजावरच्या अनोळखी बाईंना, त्यांनी विचारले नसताना, ही आमची भाची म्हणून सांगितले. आणि मग त्या जागेवर तुझा आवाज पोकळ झाला. ओठ हलत होते, श्वास चालू होता, सूरही अचूक होता, पण त्यातला गाभा कोणीतरी अलगद काढून घेतल्यासारखा वाटला. दोन ओळींनंतर पुन्हा तेच. नंतर तुमचा बेस वाजवणारा साथीदार हसत म्हणाला, "काका, तो सूर हिच्या आईनं नेलाय. परत द्यायचा राहिला." बाकीचे हसले. तू हसली नाहीस. मला मात्र वेगळ्याच गोष्टीने धडकी भरली. त्या जागेवर तुझ्या मानेवरची जी शीर तटतटून वर आली, ती मी पूर्वी पाहिली होती. त्याच मंचावर, दुसऱ्या गळ्यावर.

मी शिट्टीमास्तरांना शोधून काढले. आता ते मुलाकडे राहतात आणि एका कानाने कमी ऐकतात, त्यामुळे मला त्यांच्या उजव्या बाजूला बसावे लागले. खुंटीचे विचारताच म्हणाले, "जाळी अजून आहे? कमाल आहे. यंत्रं बदलली असतील की." यंत्रे बदलली, मी सांगितले, पण खुंट्यांची ही एक जुनी पेटी प्रत्येकाने तशीच पुढे जोडली, मास्तरांनी लावलेले आहे, हात कशाला लावा, असे म्हणत. त्यांनी चांगला कान माझ्याकडे आणखी वळवला. मग म्हणाले, "मी शिट्टी बंद केली हो. गाण्याचं काय झालं ते मला मागच्या कोपऱ्यातून कसं दिसणार?" मी विचारले की ताईचा घसा केव्हापासून बसू लागला. उत्तर द्यायला त्यांना आठवावे लागले नाही. "मंच हलवला त्या उन्हाळ्यातच. लग्नसुद्धा व्हायचं होतं तिचं. पुढे डॉक्टरांनी तिचं बोलणंच बंद केलं होतं, तेव्हा चहात साखर नको हे मला हातवारे करून सांगायची. मी मुद्दाम दोन चमचे घालायचो." आणि मग त्यांनी ताईचे एक वाक्य सांगितले. तळघर सोडताना ती त्यांना बसक्या आवाजात म्हणाली होती, "मास्तर, आवाज गेला म्हटलं की लोक कीव करतात. मुलीसाठी सोडलं म्हटलं की कौतुक करतात. मला कौतुक चालेल."

परवा दुपारी मालकीणबाईंकडून किल्ली घेऊन मी एकटाच तळघरात गेलो. खुर्च्या मेजांवर उलट्या ठेवल्या होत्या. जाळीचे स्क्रू गंजले होते, पण निघाले. फणीचा तो एक दात खरोखरच तळाशी होता. त्याच्याभोवतीची धूळ इतकी घट्ट की खुंटी प्रथम हलेना. मी ती इतरांच्या बरोबरीला आणली, मायक्रोफोन सुरू केला आणि मंचापासून दूर जाऊन उभा राहिलो. खोलीत कोणी नव्हते, कोणी गात नव्हते. तरी एक सूर उमटला. आधी इतका बारीक की तो माझ्याच कानातला वाटावा. मग भरत गेला. ताईची ती जागा. आणि तो थरथरत होता. याला कारण आहे: छताचा पंखा हवा हलवतो, त्यामुळे असा सूर लहरतो. मी जाऊन पंखा बंद केला. पाती थांबली. थरथर थांबली नाही. त्यालाही कारण असलेच पाहिजे आणि कधीतरी मी ते शोधीन. त्या दुपारी मी शोधले नाही. शिट्टी होऊ लागेल इतका तो वाढला तेव्हा आवाज थोडा उतरवला, इतकाच की तो विझू नये, आणि एका उलट्या खुर्चीला धरून उभा राहिलो.

आता मामीच्या वाट्याच्या ओळी. गाणे का सोडतेस असे तिने विचारले, तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या जन्मामुळे आईचं गाणं गेलं. आता ती ते परत मागतेय, तर देऊन टाकते." मामीने मला हे सांगितले, आणि त्या रात्री आम्ही दोघेही जेवलो नाही. त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. पिपाणी, तू आईचा आवाज घेतला नाहीस. तू या जगात येण्याच्या कितीतरी आधी तो एका खुंटीखाली दबला होता. तुझे नाव तिने पांघरूण म्हणून घेतले. त्याचे ओझे तुझ्या खांद्यावर येईल, हे तिच्या मनाला शिवलेही नसेल. आणि ती काही परत मागत नाही. मास्तरांची चूक झाली असेल तर एवढीच, की रिकाम्या खोलीला घातलेला लगाम भरलेल्या खोलीतही तसाच राहिला. माणसांचे कपडे, केस, देह लहरी पिऊन टाकतात. मेजे भरली की तो हट्टी सूर आपसूक निवतो आणि शिट्टी फुटायचे भय बरेच कमी होते. शनिवारी मी स्वतः यंत्रापाशी बसेन आणि ती खुंटी वरच राहील. तू जोर लावू नकोस. तुझा सूर तुला ऐकू येईल. त्यानंतर गायचे की नाही, ते तू ठरव; मी एका शब्दाने आडवा येणार नाही. माझी विनंती एकच आहे. त्या दिवशी जरा लवकर ये, दुपारी, खुर्च्या उलट्या असतानाच. मी मायक्रोफोन सुरू करून बाहेर जिन्यात थांबेन. ताई नळ सोडायची, तेव्हा पाण्याच्या आवाजाखाली काय होते ते तू आजवर ऐकलेले नाहीस. ते एकदा ऐक, आणि मग लोकांना आत येऊ दे.

जिन्यात तुझी वाट पाहणारा,
तुझाच,
मामा