फोटोतलं कोपर

मनीषनगर, नागपूर
१२ फेब्रुवारी

चि. बाबारावास पार्वतीताईचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिले आहेत, मनात वेगळे आहे.

काल सकाळपर्यंत इकडे सर्व क्षेम होते. मग फोनवर तुझा फोटो आला. तू आनंदरावांच्या खांद्यावर शेला घालतो आहेस आणि खाली लिहिले आहे, अपक्ष उमेदवार बाबारावांचा आनंदरावांना पाठिंबा. ज्यांचे कोळशाचे ट्रक विणकरांच्या गल्लीतून जाऊ नयेत म्हणून तू नगरपरिषदेला उभा राहिलास, त्यांनाच. आधी वाटले, कुणा ब्लॉगवाल्याचा चावटपणा असेल. पण आज वर्तमानपत्रानेही त्याच चार ओळी उचलल्या. छापून आले म्हणजे संपलेच.

तुझ्या करिष्माच्या लग्नात आनंदराव नवऱ्या मुलाचे मामा म्हणून मिरवले, ते मी सोसले. सोयरीक सोयरिकीच्या जागी. तुझी मतेही त्यांच्याच ताटात वाढायची होती का? मी तो फोटो घरच्या आणि इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर पाठवला, वर लिहिले की हा माझा सख्खा भाऊ आणि मला त्याची लाज वाटते. मग दोन्ही ग्रुप सोडले. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. शेजारची हर्षा नोकरीसाठी रोज उमरेडच्या बसने जाते, तिच्या हाती हे देते.

आबांनी तुला माग दिला आणि मला कॉन्व्हेंटात घातले. खोटे बोलू नये एवढे तरी मला नन्सनी शिकवले. मागाने तुला काय शिकवले ते कळव.

सखूबाईला आशीर्वाद, तिचा काही दोष नाही. लोभ होता. उरला आहे की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

पार्वती


उमरेड
१३ फेब्रुवारी

ती. ताईले बाबारावचा शि. सा. न.

तुझं पत्र सखूनं मोठ्यानं वाचलं. चहा तसाच थंड झाला.

मी कोणालेच पाठिंबा दिला नाही वं. तो फोटो करिष्माच्या लग्नातलाच आहे. जावयाच्या मामाले शेला द्यायचा रिवाज आबांच्या वेळचा. कोणीतरी मांडव कापला, नवरी कापली अन् आम्हा दोघांले ठेवलं. कुठून उचलला म्हणशील, तर गेल्या वैशाखात तूच फेसबुकवर चाळीस फोटो टाकले होते, त्यातला.

त्या ब्लॉगवाल्याचं मले एवढं काही नाही. पण तुझं लिहिलेलं कोणीतरी इकडे पाठवलं. सख्खी बहीणच म्हणते तर खरंच असन, असं लोक म्हणून राहिले. विश्वनाथ पंचवीस वर्षं माझ्या शेजारच्या मागावर बसला. आज समोरून आला अन् पाहून न पाहिल्यासारखा गेला. मतदान आठ दिवसांवर आहे.

आता एक कर. तो फोटो मोठा करून पाहून घे. डाव्या कडेले एक कोपर दिसते, त्याच्यावर पदर. करवती काठ, अन् मधेच चार बोटं जांभळी. तुले नोकरी लागली तवा आबांनी विणलेलं ते लुगडं. लाल सूत संपलं म्हणून त्यांनी जांभळं भरलं. असा दुसरा काठ दुनियेत नाही, गल्लीतलं लेकरूही सांगन. अन् त्या लग्नानंतर तू उमरेडले एकदाही आली नाही. मग मी मागच्या आठवड्यात शेला घातला असन, तर तुझं कोपर तिथं कुठून आलं?

आता तू काही लिहून टाकू नको. लिहिलेलं खूप झालं. रविवारी ते लुगडं नेसून ये. रागात आलीस तरी चालन. सखू पाटवडी करून ठेवते.

लोभ शोधून पाहा, घरातच कुठंतरी असन.

तुझा बाबाराव


मनीषनगर, नागपूर
२५ फेब्रुवारी

चि. बाबारावास अनेक आशीर्वाद, या खेपेस मनापासून.

निकाल हर्षाने बसमधूनच कळवला. मी गॅस बंद केला आणि देवापुढे साखर ठेवली. तू निवडून आलास याचा आनंद आहेच. पण माझ्यामुळे पडला नाहीस, या विचाराने छाती मोकळी झाली. बारा दिवसांनी काल नीट जेवले.

त्या रविवारी ते लुगडे नेसून तुझ्याबरोबर बाजारातून फिरले, तेव्हा तू मला बोलू दिले नाहीस, ते बरे केलेस. विश्वनाथने एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हातात माझा पदर. जांभळ्या चार बोटांवरून अंगठा फिरवत म्हणाला की हे सूत आबांना त्यानेच आणून दिले होते. मग त्याने विचारले, बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, भावाले एक फोन काहून केला नाही. तीस वर्षे मी टेलिफोन खात्यात होते. कोण बोलतंय हे विचारल्याशिवाय एक कॉल जोडला नाही.

वर्तमानपत्राने आतल्या पानावर, पंख्यांच्या जाहिरातीखाली, दोन ओळींचा खुलासा छापला. मी संपादकांना इंग्रजीत पत्र धाडले आहे, बसू देत शब्दकोश उघडून. ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर मला परत घेतले. तिथे माफी लिहिली, तिला तीन अंगठे आले. तुझ्या निंदेला अठ्ठ्याहत्तर आले होते.

आज त्याच ग्रुपवर नवा फोटो आला. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी दांडा आडवा टाकला आहे आणि एक ट्रक मागे वळतो आहे. खाली लिहिले आहे, बाबारावांनी पहिल्याच दिवशी ट्रक थांबवले. माझे बोट पाठवायच्या खुणेपर्यंत गेले होते. ते उचलले आणि तुला फोन लावला. तू मिरवणुकीत असशील, आता न उचलायची पाळी तुझी. म्हणून हे पत्र.

खरे आहे का रे? हर्षाच्या हाती दोन ओळी दे. तोवर मी कोणाला सांगत नाही.

लोभ घरातच सापडला. पदराच्या घडीत ठेवला आहे.

तुझी
पार्वतीताई