घमेल्याखालचा पट्टा

पौष, बुधवार, संध्याकाळ. नेर.

आज लाज वाटून राह्यली अन् मनही भरून आलं. काल सकाळी शाळेसमोरच्या रस्त्यावर पांढरे पट्टे मारायले गेलो, तं चहावाल्या धुर्पतामावशीनं हात शेकायले निखाऱ्याचं घमेलं बरोबर माह्या आखणीवर ठेवलेलं. मी खेकसलोच. "काहून चिडतं बापू? उचलतो न," एवढंच म्हणाली अन् घमेलं घेऊन बाजूले झाली. रस्ता दहिवरानं ओला होता, पण घाईत मी हात लावून पाहिलाच नाही, तसाच रंग मारला. इतकी वर्षं हेच काम करून राह्यलो, मंग काल काय झालतं मले?

आज सकाळी पाहतो तं एसटीच्या चाकांनी सारे पट्टे सालपटावानी निघालेले. एकच शाबूत होता, घमेल्याखालचा.

दुपारी साहेब काम पाहायले येणार होते, अन् रस्ता आजही ओलाच. मी डोकं धरून बसलो. मावशीनं ते पाहिलं. चुलीतले निखारे घमेल्यात भरले अन् एकेक पट्ट्याची जागा शेकत माह्यापुढं सरकत गेली. मागून मी रंग मारत गेलो. तेवढा वेळ तिचा चहा बंद होता, हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

साहेबांनी नखानं खरवडून पाहिलं. रंग निघाला नाही.

वाळल्यावर त्या पट्ट्यांवरून पहिले मावशीच रस्ता ओलांडून गेली, रिकामं घमेलं कमरेवर घेऊन. काल तिथूनच मी तिले हाकललं होतं.