चिकूची हाक

१० सप्टेंबर १९७८
जवाहरनगरचं क्वार्टर सुटलं. हे वारल्यावर फॅक्टरीच्या भोंग्यावर उठण्यात अर्थही उरला नव्हता. अड्याळच्या अलीकडे दोन खोल्यांचं कवेलूचं, कौलारू घर घेतलंय. मागचं दार उघडलं की थेट हिरवं धान. शेजारच्या गिरजाबाईनं माठ भरून ठेवला होता. तिचे यजमान मारोतराव यांनी ट्रंका उतरवल्या आणि माझ्या कुत्रीला, ब्राउनीला, भाकरी घातली. ब्राउनी लगेच त्यांची झाली.

मागची धानाची बांधी मारोतरावांचीच. मधोमध सारसांच्या जोडीचं घरटं आहे. कापणीला तेवढा तुकडा ते उभा ठेवतात. पिल्लू आपल्या पायांनी बाहेर पडेपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. मला फार आवडली. संध्याकाळी बाजाची पेटी उघडून कॉन्व्हेंटातली जुनी प्रार्थना गुणगुणले. किती दिवसांनी गळा मोकळा झाला.

१४ सप्टेंबर
सारसाची मादी विजेच्या तारेला लागून मेली. नर दिवसभर तिच्याजवळ उभा होता, मग बोडीच्या पाण्याकडे उडाला. पिल्लू धानात रडत राहिलं. मला ऐकवेना. साडी खोचून चिखलात उतरले आणि घेऊन आले. चिकूच्या रंगाचं, ओंजळीएवढं. म्हणून नाव चिकू.

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस घरट्यातून पडलेली चिमणीची पिल्लं कापसात ठेवायच्या, डोळ्यांच्या ड्रॉपरनं दूध पाजायच्या. मीही ग्लॅक्सोच्या डब्यात कापूस घातला.

गिरजाबाई दारातूनच म्हणाली, माय मेली म्हून बाप मेला का, बाई? ठेवून या त्याले. मी हसून टाळलं, तर म्हणते, तुमी काय अंड्यावर बसल्या होत्या?

आम्हाला मूल नव्हतं, हे तिला ठाऊक नाही.

१८ सप्टेंबर
चिकू काही खाईना. मग जीभ टाळूला लावून त्याच्यासारखाच आवाज काढून पाहिला, पिर्रर्र. चटकन मान वर. चिमट्यातली मासोळी गिळली. मी रडलेच. आता मी पिर्रर्र केलं की धडपडत पायाशी येतो. स्वयंपाक करतानाही तोंडाला तोच चाळा लागलाय.

नर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन ओरडतो. गिरजाबाई पुन्हा सांगून गेली, बापाची ओळख हाये तोवर ठेवून या. म्हटलं, उद्या बघू.

२४ सप्टेंबर
आज नर अंगणात आला. माझ्याएवढा उंच, डोकं लालभडक. गिरजाबाईचा कोंबडा आडवा गेला. त्यानं एका पायानं त्याला दाबून धरलं आणि चोचीनं पोट उघडलं. खाल्लं नाही. सगळं बाहेर काढलं आणि माझ्या दाराकडे पाहत राहिला.

आत चिकू हाक मारत होता. मीही, त्याला गप्प करायला.

२८ सप्टेंबर
ब्राउनी नरावर भुंकत धावली. एकच टोच, डोळ्यातून थेट आत. पाय झाडत पडली, तरी तो टोचत राहिला. भरदुपारी, माझ्यासमोर.

मारोतरावांनी तिला पपईखाली पुरलं. गिरजाबाई आता टोमणे मारत नाही.

१ ऑक्टोबर
चिकूला ठेवायला गेलो. मारोतराव काठी घेऊन बरोबर. धानाच्या तुकड्याशी खाली सोडला. नर आला. मान वाकवून हळूच काही बोलला. चिकू त्याच्याकडे दोन पावलं गेलासुद्धा.

आणि माझ्या तोंडून निघालं. नुसत्या सवयीनं. पिर्रर्र.

चिकू वळला. माझ्याकडे धावला. मागून नर, पंख पसरून. मारोतराव मध्ये पडले. चोच त्यांच्या डोळ्यात. चिकू नराच्या पायांखाली —

मारोतरावांना भंडाऱ्याला नेलं. डोळा गेला. माझ्या साडीवर दोघांचं रक्त आहे. वेगळं ओळखता येत नाही.

३ ऑक्टोबर
मेलेल्या चिकूला धुऱ्यावर ठेवलं. बापाला दिसावं, कळावं, म्हणून. त्यानं चोचीनं उलटंपालटं केलं. बराच वेळ. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात घरातून पिर्रर्र. त्यानं मान उचलली.

डबा पाहिला. नुसता कापूस.

४ ऑक्टोबर
पुन्हा आवाज. पलंगाखाली नाही. चुलीमागे नाही. नर मागच्या दारावर टोचतोय. फळीला भोक पडलंय.

गिरजाबाई समोरच्या खिडकीशी आली होती. नवऱ्याचा डोळा गेला तरी आली. म्हणाली, समोरून निघा, बाई, मी एस.टी. थांबवतो. मी म्हटलं, पिल्लू आत आहे, ऐकू येत नाही का तुला? ती माझ्या तोंडाकडे बघत मागे सरली. म्हणाली, बाई, तुमीच करून राहिल्या तो आवाज. तोंड बंद करा.

मी? नाही. मी तर —

समोरचं दार उघडलं. आवाज झाला. तो कोपऱ्यावर हजर. दार लावलं. हाताला टोच, हाडापर्यंत.

५ ऑक्टोबर
सकाळ. डाव्या हातानं लिहितेय. फळी फुटली. मी आतल्या खोलीत. दाराला ट्रंक लावलीय.

तोंडात पदर कोंबलाय. वरून फडकं बांधलंय.

तो थांबलाय. ऐकतोय.

गप्प राहिले तर जाईल. नुसतं गप्प —

गळ्यात काहीतरी थरथरतंय. मी करत नाही. देवा, मी करत नाही —

ट्रंक सरकली. लाल —

पि