मधली रेघ

८ मार्च
टीव्ही वाकला! दोन्ही कडांनी चित्र आत ओढलं गेलंय. बातम्या सांगणारा धट्टाकट्टा माणूस कमरेत एवढासा दिसतो. ही म्हणाली, मला घाला त्यात, मीही बारीक होईन. बाबा मात्र म्हणाले, कडांचं सोड, मधली रेघ वाकतेय. मला मध्ये काही दिसलं नाही. पण चाळीस वर्षं दारं-खिडक्या बसवलेला सुतार, त्याच्या नजरेशी कोण वाद घालणार!

दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा? ही म्हणते, नवीन. मी म्हणालो, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

१५ मार्च
बघू.

२ एप्रिल
मेकॅनिक आला एकदाचा. मागचं झाकण काढलं तर आत धुळीची गादी. एक कंडेन्सर सुकला होता, तो बदलला. कडा सरळ! मी खूश. बाबा म्हणाले, मधलं तसंच आहे. मेकॅनिकने पडद्यावर नुसत्या चौकटींचं चित्र लावलं – उभ्या-आडव्या रेघा, सगळ्या सरळ, ओळंब्यात धरल्यासारख्या. मग माझ्याकडे बघून हसला. म्हाताऱ्याला नवा टीव्ही हवाय, असं ते हसू. मीही हसलो. बाबांच्या देखत.

३ एप्रिल
हसायला नको होतं.

१९ एप्रिल
दुकानात दिवसभर गर्दी. लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून मान मोडली. एक बाई तीनदा परत आली – एक कान वर, एक खाली, त्याला मी काय करू? घरी येऊन टेकतो न टेकतो तोच बाबा म्हणाले, अरे, मधलं अजून वाकडंच दिसतं.

माझा तोल गेला. म्हणालो, “नवीन हवाय तर सरळ सांगा ना! आडून आडून कशाला?”

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच आत गेली. बाबा म्हणाले, “बरं.” एवढंच.

ज्या माणसाने जन्मात कोणाकडे उसना खिळा मागितला नाही, त्याला मी हावरट ठरवलं. लाज वाटते. समोर जाऊन चुकलो म्हणायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहितोय. वहीचं बरं असतं, ती तोंड फिरवत नाही.

२० एप्रिल
सकाळी बाबा आपणहून म्हणाले, आता सरळ दिसतो हं टीव्ही. माझ्याकडे न बघता. हायसं वाटलं. थोडंसं.

११ मे
नवीन टीव्ही आणला. चुकलो म्हणण्यापेक्षा टीव्ही आणणं सोपं – इथे तरी खोटं कशाला लिहू? भिंतीवर टांगला, जुना माळ्यावर गेला. रिमोट आधी बाबांच्या हातात दिला. झकास आहे म्हणाले. मग मान तिरकी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत बसले. अजून रुसवा गेलेला दिसत नाही. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या दिवसाचं निघालं असतं.

१२ मे
ही म्हणाली, बाबांनी आमटी ताटाबाहेर वाढून घेतली. म्हटलं, टीव्हीकडे लक्ष असेल.

६ जून
दुकान बंद, मी घरी. दुपारी खडखड ऐकून उठलो तर बाबांनी हत्यारांची पेटी काढलेली. स्वयंपाकघराच्या दाराला ओळंबा लावून उभे होते. दार त्यांनीच केलेलं, माझ्या लग्नाच्या आधी. दोरी, खाली वजन. ती लोंबेल ते सरळ, बाकी सगळं जग वाकडं – हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं.

मी विचारलं, “दार फुगलंय का?”

“दार नाही रे. ओळंबाच वाकडा दिसतोय.”

दुकानाच्या खणात चौकटींचं एक कार्ड असतं. मध्ये टिंब. एक डोळा झाका, टिंबाकडे बघा, रेघा सरळ दिसतात का – रोज दहा जणांना विचारतो मी. परक्या दहा जणांना! तसाच चपला घालून धावलो, शटर उघडून कार्ड आणलं. बाबांच्या डाव्या डोळ्याला मधल्या रेघा दुमडलेल्या दिसतात, टिंबाच्या जागी धुरकट डाग. उजव्यालाही सुरुवात आहे.

मेकॅनिकने पडद्यावर लावलं होतं ते हेच चित्र. तेव्हा मी हसत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

८ जून
डोळ्यांचे डॉक्टर मला दुकानामुळे ओळखतात. त्यांनी विचारलं, “कधीपासून होतंय? नीट आठवून सांगा, पुढचं त्यावर ठरेल.” बाबा पटकन म्हणाले, “झाले असतील आठ-दहा दिवस.” आणि टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी गप्प बसलो.

घरी येऊन ही वही उघडली. पहिल्या पानावर ८ मार्च. माझंच अक्षर.

सकाळी वही घेऊन डॉक्टरांकडे जातोय. एकटाच.