शुक्रवारची हजेरी

प्रिय बारक्या,

आठ महिन्यांनी लिहितोय आणि ‘कसा आहेस’ विचारायचीसुद्धा लाज वाटते आहे. कसा असणार, ते कानावर येतंच. गोदामात उभ्याने मालाच्या याद्या तपासतोस, असं आपल्या ऑफिसातला चष्मेवाला सांगत होता. पाइपलाइनच्या नकाशांत मुरलेला माणूस आणि खोकी मोजतोय. असो. असं ‘असो’ म्हणून पुढे जायचा मला हक्क नाही, पण जित्याची खोड.

आधी इकडची खबर देतो, म्हणजे हात चालता होईल. ऑफिस आहे तसंच आहे. पक्क्या नोकरीवाल्यांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, आपल्या कंत्राटी लोकांच्या गळ्यात पिवळी. एजन्सीने तुझ्या जागी कुणालाच पाठवलं नाही. तुझं काम आम्हां दहा जणांत वाटलं, तेही अठरा टक्के कमी दराने. काकांनी दुपारचा चहा सोडला, म्हणतात पित्त होतं. तोफेने लेकीला पोहण्याच्या क्लासमधून काढलं, आणि बाईचा आवाज इतका खाली आलाय की तिला तोफ म्हणायचं जिवावर येतं. तुझी ताई वरवर बरी आहे. आईंना रोज फोन करते आणि तुझा विषय निघाला की ठेवून देते. आई तुझ्याकडे राहतात, त्यामुळे आठ महिन्यांत तिने आईंचं तोंड पाहिलेलं नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आईंना कसं दिसतं, हे ती आईंच्या शेजारणीला विचारते.

आता जे लिहायचं ते क्रमाने लिहितो. तुला बरंचसं ठाऊक आहे, पण मला ते एकदा माझ्या अक्षरात लिहायचं आहे.

एजन्सीचा तो मेल आला तेव्हा आपण दोघं पंपहाऊसच्या नकाशावर वाकलो होतो. बाजारात मंदी, सबब सर्व कंत्राटदारांचे दर एक तारखेपासून अठरा टक्क्यांनी कमी. मान्य नसेल त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली एजन्सीच्या गोडबोल्या मॅनेजरीणीची, आपल्या साखरबाईची, सही आणि एक हसरा चेहरा. तू तो हसरा चेहरा लाल पेनने गोल करून ‘चुकीचं चिन्ह, दुरुस्त करा’ असं लिहिलंस आणि सगळे पोट धरून हसले. त्यानंतर त्या ऑफिसात तसं कुणी हसलेलं मला आठवत नाही.

जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर ठरलं होतं ते साधं होतं. अकरांपैकी एकानेही सही करायची नाही. अकरा जण एकदम गेले तर पंपहाऊसचं काम बुडेल आणि कंपनीच एजन्सीचा कान धरेल. साखरबाईशी बोलायला तुला पुढे केलं, कारण तू लहान असलास तरी तुझी जीभ सरळ. तू दोनदा जाऊन आलास. ती अठरावरून दहावर आली होती, अजून एक आठवडा कळ काढली तर पाचावर येईल, असं तू म्हणालास. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. आपण लावलेलं रोप, असं मी काकांना म्हणालोही होतो. तुला तिथे चिकटवलं मीच ना.

आणि मग तो शुक्रवार. एजन्सीची ती रडकी वेबसाइट, पाचला बंद होणार, हजेरी राहिली तर पगार महिनाभर लांबणार. म्हणून आपण अकरा जणांचे पासवर्ड एका कागदावर लिहून माझ्या खणात ठेवले होते आणि दर शुक्रवारी एकाने सगळ्यांची हजेरी भरायची, अशा पाळ्या लावल्या होत्या. त्या शुक्रवारी पाळी तुझी होती. पण आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, तू आणि ताई दवाखान्यात. दोन वाजता तुझा फोन आला, भाऊजी, आज तेवढी हजेरी तुम्ही भरा, आणि काही नवीन पान दिसलं तर पुढे जाऊ नका, मला विचारा. मी म्हटलं, मला शिकवतोस का रे, तुझ्या वयाची माझी नोकरी झाली.

नवीन पान दिसलं. तळाशी बारीक अक्षर, त्याच्याशेजारी एक चौकोन. चौकोनात खूण केल्याशिवाय हजेरी पुढे जात नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशाच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचून पोट भरलं, आणि स्वतःच्या ताटातलं वाचलं नाही. पहिली खूण माझ्या नावाची, मग काका, मग तोफ. ती खूण म्हणजे नवा दर मान्य.

सोमवारी सकाळी साखरबाईचा मेल हजर. सर्व अकरा जणांनी शुक्रवारीच संमती दिल्याबद्दल आभार. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता होता, त्यावर तुझं नाव. तोफेने सगळ्यांसमोर तुला विचारलं की पाळी तुझी होती ना, आणि साखरबाईने तुला वेगळं काय कबूल केलंय. तू माझ्याकडे पाहिलंस. फार नाही, पाणी प्यायला लागेल एवढा वेळ. मी नकाशाची घडी घालत होतो. मग तू म्हणालास, हो, पाळी माझीच होती. तू दवाखान्यातून भरली असशील, असं सगळ्यांनी धरलं. तिने तुला फितूर म्हटलं, चष्मेवाल्याने तुझा डबा टेबलावरून खाली ठेवला, आणि तू जेवणाच्या सुट्टीआधी पिवळी पट्टी काढून निघून गेलास.

घरी मी ताईला, खुणा तूच केल्यास, असं सांगितलं ते ऑफिसात घडलं त्याहून वाईट होतं. तिने विश्वास ठेवला नाही. ती म्हणाली, तो दिवसभर माझ्याशेजारी बाकावर बसला होता, तो कुठून हजेरी भरेल. त्यावर मी म्हटलं, फोनवरून. हातात फोन होता ना त्याच्या? हा एकच शब्द, बारक्या. तिला आठवलं की तुझ्या हातात फोन होता. सख्खा भाऊ माझ्या शेजारी बसून दहा घरांच्या पोटावर पाय देत होता, असं म्हणून ती त्या रात्री जेवली नाही. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर चोर चोर म्हणून ओरडलं. संध्याकाळी तुझा मला फोन आला होता. मला वाटलं शिव्या देशील. तू फक्त म्हणालास, ताईच्या संसारात वाकडं नको, चूक कुणाच्याही हातून होते, मी बघतो माझं.

आता तुला ठाऊक नाही ते. चूक तीन नावांपुरती होती. चौथं नाव चष्मेवाल्याचं, त्याच्या वेळी वेबसाइट दोनदा अडकली, पान तसंच उघडं राहिलं आणि मी ते बारीक अक्षर वाचलं. नीट वाचलं, दोनदा. चार चाळीस झाले होते. तुला फोन करायचा होता. पण मनात आलं की तिघांचीच संमती गेली तर ती कुणी दिली हे लगेच कळेल, त्यात माझं नाव पहिलं. आणि सगळ्यांचीच गेली तर कुणा एकाकडे बोट नाही. शिवाय मला वाटलं, बुडत्याला काडीचा आधार म्हण, की या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार, अठरा टक्के गेले तरी बाकीचे हातात राहतील. मग उरलेल्या आठ खुणा मी शुद्धीत केल्या. शेवटची तुझी केली.

सगळ्यांनी मिळून कामगार कार्यालयात तक्रार केली आहे, मंगळवारी सुनावणी आहे. एजन्सीने पुरावा म्हणून जो कागद दिला त्याची प्रत काल घरी आली, ताईने फोडली. अकरा नावं, चार एकतीस ते चार त्रेपन्न, ऑफिसातला एकच कॉम्प्युटर. फोन नव्हे. तिने कागद माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, चुकून झालं. ती म्हणाली की मी माझ्या भावाला आठ महिने मेल्यात जमा केलं, तुम्ही त्याला दोन ओळी माफीच्या लिहून द्या, मी स्वतः घेऊन जाते आणि त्याचे पाय धरते. तिने का धरायचे पाय?

मंगळवारी मी तिथे उभा राहून सांगणार आहे की अकराही खुणा माझ्या, दहा जणांना विचारलेलं नव्हतं. त्यांचा जुना दर कदाचित परत मिळेल, माझी पट्टी जाईल, पुढे आणखी काय होईल ते होईल. तेवढं मला जमेल, परक्यांसमोर बोलायला फारशी छाती लागत नाही. पण चौथ्या नावाचं ताईला सांगायला सकाळपासून चारदा तोंड उघडलं आणि चारदा पाणी मागितलं. ती आत्ता चपला घालून दाराशी उभी आहे, दोन ओळींना एवढा वेळ का म्हणून दोनदा विचारून झालं. तिला वाटतंय ती माझी माफी घेऊन निघाली आहे. आल्यावर तिला आधी आईंजवळ बसू दे, रडू दे, काही खाऊ घाल. तू हे वाचून गुपचूप फाडून टाकशील आणि चूकच होती म्हणून तिला माघारी पाठवशील, तुझा स्वभाव मी ओळखतो. या वेळी मला वाचवू नकोस. पत्र तिच्या हातात दे, आणि परत यायचं की नाही ते तिला वाचून ठरवू दे.

ती नाही म्हणाली तरी तुझाच,
भाऊजी