कुंकवाखालचं मेण

रायपूर, शुक्रवार, दिवेलागणीनंतर

रायपूर राजधानी झाल्यापासून ऑफिसचं काम वाढलं, तरी यांना चामड्याचं पाकीट शिवायचा छंद काहून लागला, देव जाणे. शेजारचे वर्माभैया, तेही असेच छंदी, म्हणाले, "धागे पे मोम घिसो, नहीं तो टूटेगा." यांनी माझ्या कुंकवाखालचं, कुंकू टिकावं म्हणून लावते ते मेणच मागितलं. मी दिलंही! परत आलं तर त्यावर चामड्यातून निघालेल्या धाग्याच्या खाचा. असं चामड्याचा विटाळ झालेलं मेण कपाळी लावावं काय?

"फेकून दे मग, पोट्टीसारखी रुसू नको," हे म्हणाले.

चांगलं मेण फेकू कसं? खाचांवर बोट फिरवत बसले. कुंकू यांच्याच नावाचं, खाचाही यांच्याच हातच्या. लावलं शेवटी. आरती करताना मात्र हात सारखा कपाळाकडे जात होता. पुसायला की सांभाळायला, मलाच समजून नाही राहिलं.