ज्या गावात कुणी मरतच नाही

वडीलकीच्या जागी असलेल्या अज्येकुममामांना तेमा बंदरातून भाचा याव याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी अजून तुमच्यावर ओरडते ना? (ओरडत असेल तर घरी सगळं ठीक आहे असं मी धरून चालतो.) मी मजेत आहे. मक्याच्या पिठाचं केंके दोन्ही वेळा मिळतं, सोबत मासळी एकदा.

गोदीतलं काम सोडून आता काय करतोस, असं तुम्ही विचारलं होतं. मामा, मी शिक्षणाच्या कामात आहे. (हसू नका.) म्हणजे टेटेसाहेबांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पोरांच्या हातात रिमोट देतो आणि वेळ संपली की ओढून घेतो. गेल्या महिन्यात गल्लीतल्या आया चालून आल्या. पुढे देदेईमावशी, धुरी दिलेली मासळी विकणारी, आवाज असा की गोदीतली जहाजं वळून बघतील. ‘पोरं इथं नुसता गोळीबार शिकतात! पैशाचं काही शिकवाल तर दुकान राहील, नाहीतर हे कुलूप!’ कुलूप खरंच आणलं होतं. टेटेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला काय कंटाळवाणं आहे ते लगेच कळतं, म्हणून खेळ शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला आणला शेअर बाजाराचा. त्यात नुसत्या रेषा वर-खाली होतात. पोरं झोपली (मीही). दुसरा शहर वसवायचा. पोरांनी सगळा पैसा स्टेडियमवर उडवला, गटारं बांधलीच नाहीत, आणि तरी निवडणूक जिंकली. तिसरा मात्र झकास निघाला. गावात चौघांनी चार दुकानं टाकायची; माल कमी पडला की भाव चढतो, फार चढवला की गिऱ्हाईक शेजारी जातं, आणि कर्जाचं व्याज आपण झोपलो तरी जागं असतं. पोरं नफ्या-तोट्यावरून भांडायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

मग देदेईमावशी परीक्षा घ्यायला स्वतःच खेळायला बसली. जो मागेल त्याला उधार दिलं आणि बघता बघता दिवाळं काढलं. पोरं हसली, तर म्हणते, ‘हसा मेल्यांनो! माझ्या अंत्यविधीला गर्दी होईल, तुमच्या नाही!’ आणि माझ्याकडे वळून, ‘काय रे, या गावात वर्षभर कुणी मेलंच नाही? वर्गणी नाही, सुतकाचं काळं-तांबडं कापड नाही, पाहुण्यांचं जेवण नाही? मग पैशाचं शिकवलंस काय, कप्पाळ?’

मामा, खोटं काय बोलली ती? आपल्याकडे घराघरातला पैसा शनिवारीच, अंत्यविधींना, बाहेर पडतो. तेव्हा मी नवा नियम काढला. अधूनमधून खेळ थांबवायचा, एखाद्या दुकानदाराच्या घरी माणूस गेलं असं जाहीर करायचं, आणि बाकीच्यांनी आपल्या गल्ल्यातून त्याला मदत पाठवायची. जो देतो त्याला पुढे मिळतं. जो देत नाही तो एकटाच रडतो. (टेटेसाहेब म्हणतात, यालाच विमा म्हणतात.) बायका इतक्या खूश झाल्या की ते कुलूप टेटेसाहेबांनाच विकून गेल्या. आता दुपारी त्याच खेळतात आणि पोरं दारात ताटकळतात. मी सुखात आहे. पगारवाढीचंही बोलणं चाललंय.

मामीला सांगा, मी जाड झालोय.

तुमचा भाचा,
याव बडू

ता.क. मंगळवारी एक गडी कमी होता म्हणून मीही बसलो. माझं दुकान बुडायला आलं, तेव्हा ओरडलो, ‘माझे मामा गेले!’ पण बायका तेवढ्यावर सोडत नाहीत. कुठले, काय झालं होतं, मागे कोण आहे, सगळं विचारतात. खोटं काही सुचेना, म्हणून तुमचंच नाव-गाव दिलं, गुडघ्यासकट. गल्ला भरला. पण सांगता सांगता मला खरंच रडू फुटलं, आणि देदेईमावशीला ते खेळातलं वाटलं नाही.

आणखी ता.क. येत्या शनिवारी त्या मिनीबस करून तुमच्याकडे येताहेत. सगळ्यांचं सुतकाचं एकसारखं कापड शिवून झालंय, मासळीच्या टोपल्या भरल्यात. मीही बसमध्ये पुढच्या सीटवर असेन, सुतकी तोंड करून. इथं खरं सांगितलं तर ‘हा खेळ खोटं बोलायला शिकवतो’ म्हणून दुकान बंद पाडतील. तेव्हा विनंती अशी की तुम्ही धुतलेलं पांढरं, आनंदाच्या दिवसाचं वस्त्र नेसून ओट्यावर बसा. त्या आधी किंचाळतील, मग मला बडवतील. तुम्हीही सगळ्यांदेखत मला दोन ठेवून द्या. ज्याला मामाचा धाक आहे, त्या पोराला बायका माफ करतात. मग मासळी सगळे मिळून खाऊ.

शेवटचं. शनिवारी कृपा करून कुठं बाहेर जाऊ नका. मेलेला माणूस घरी सापडला नाही, तर पुढे काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.